जीप विलीजची, इंजिन मॅटाडोरचं

२०२१ च्या जुलै महिन्यात केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी असेल, तर तिला ‘व्हिंटेज’ म्हणायचं आणि तिच्या नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं घालायची. कल्पना चांगली आहे. अट मात्र अशी, की गाडी मूळ रूपातच हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालणार नाही. माझ्याकडची जीप १९६२ सालची आहे. वयात ती सहज बसते, अटीत बसत नाही. तिच्या बॉनेटखाली डिझेल इंजिन आहे आणि ते मी जीप घेण्याच्या आधीच कुणीतरी बसवलेलं आहे.

हे गाऱ्हाणं माझ्या एकट्याच्या गाडीचं असतं, तर आकाशवाणीवर ते मांडायचं कारण नव्हतं. पण आपल्या महाराष्ट्रात ज्या जीप खरोखर राबल्या, त्यातली मूळ रूपात राहिलेली जीप शोधायला निघालात तर पायाचे तुकडे पडतील. न बदललेली जीप बहुधा शेडमध्ये उभी राहिलेली असते. रस्त्यावरची जीप बदलत गेली म्हणूनच टिकली.

मुळात जीप जन्मालाच दुरुस्तीसाठी आली. १९४० साली अमेरिकन लष्कराला घाईनं एक हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं ४९ दिवसांत नमुना उभा केला. पुढे विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४५ पर्यंत मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. लष्कराचा आग्रह असा, की एका कंपनीच्या जीपचा भाग दुसरीच्या जीपला बसला पाहिजे. फोर्डनं आपल्या नट-बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा इंग्रजी ‘एफ’ अक्षर उठवलं, पण माप तेच ठेवलं. दुरुस्तीच्याही पाच पायऱ्या ठरवलेल्या होत्या. पहिली पायरी खुद्द ड्रायव्हरची: रोज पाणी, तेल, हवा आणि सैल झालेले बोल्ट त्यानंच पाहायचे. शेवटची पायरी मागच्या मोठ्या डेपोची. आपल्याकडे ही गाडी आली ती या पाच पायऱ्यांपैकी पहिलीच बरोबर घेऊन. बाकीच्या चार आपल्या मेस्त्री लोकांनी आपल्या डोक्यानं बांधल्या.

युद्ध संपल्यावर ईशान्य भारतात आणि ब्रह्मदेशाच्या वाटेवर अमेरिकन लष्कराचा जो माल उरला, त्यात जीप होत्या. ‘मिलिटरी डिस्पोजलची जीप’ हा शब्दप्रयोग जुन्या माणसांच्या तोंडी अजून ऐकू येतो. योगायोग पाहा, स्वतंत्र भारतातलं पहिलं गाजलेलं खरेदी प्रकरणही दुरुस्त केलेल्या जीपचंच होतं. १९४८ साली लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी सुमारे दोन हजार जुन्या, दुरुस्त करून दिलेल्या जीपचा सौदा केला. पहिल्या १५५ आल्या आणि लष्करानं त्या नापास केल्या. संसदेत वर्षानुवर्षं गदारोळ झाला. १९५५ मध्ये सरकारनं प्रकरण बंद केलं. राजकारणाचा भाग सोडून द्या. ‘दुरुस्त’ या शब्दाचा अर्थ कोण ठरवणार, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

त्याच सुमारास मुंबईत जीपची जुळणी सुरू झाली. १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. माझगावात अमेरिकेहून सुटे भाग आणून विलीजच्या जीप जोडल्या जाऊ लागल्या. पुढे उंच बॉनेटची ‘सीजे थ्री बी’ आली. हे बॉनेट उंच का, असं पुष्कळ जण विचारतात. विलीजनं नव्या इंजिनात आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले. इंजिन उंच झालं, म्हणून १९५३ मध्ये बॉनेटही उचलावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ ला बंद पडलं. आपल्याकडे त्याचा वंश त्यानंतर कितीतरी वर्षं चालू राहिला, आणि आता परदेशातले शौकीन आपल्या जुन्या जीपसाठी भारतातून सुटे भाग मागवतात.

खेड्यात ही गाडी पोचली ती सरकारी खात्यांबरोबर. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकारी, पाटबंधारे, आरोग्य, वन अशा खात्यांच्या जीप गावोगाव धूळ उडवू लागल्या. गावात जीप शिरली की एक तर साहेब आले, नाही तर निवडणूक आली. सरकारी जीप थकली की तिचा लिलाव व्हायचा आणि तिथून तिचा दुसरा जन्म सुरू व्हायचा. कधी बागायतदार, कधी ठेकेदार, कधी एखादा डॉक्टर ती घ्यायचा. माझी जीपही अशीच लिलावातून फिरत आलेली.

आता जीप बाळगणं म्हणजे काय, ते सांगतो. ब्रेक-ऑइल पाहायचं तर पायाखालच्या पत्र्यावरचं झाकण काढावं लागतं, कारण मास्टर सिलिंडर तिथं खाली आहे. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली, त्यामुळे टाकी गळायला लागली की बसणाऱ्याला सगळ्यात आधी कळतं. हँडब्रेक मागच्या चाकांना नाही. ट्रान्स्फर केसच्या मागच्या बाजूला ड्रम आणि त्याला आवळणारा पट्टा. तिथलं ऑइल सील गेलं की तेल पट्ट्यावर आणि मग हँडब्रेक फक्त नावाला. म्हणून जुन्या जीपवाल्याच्या गाडीत चाकाखाली लावायला एक दगड कायम असतो. हा दगड कोणत्याही पार्ट-बुकात सापडायचा नाही.

सगळ्यात नाठाळ म्हणजे स्टिअरिंग. चाकांना जोडणारे दांडे मधल्या एका कोपरासारख्या भागावर फिरतात. तो झिजला, किंवा किंग पिनची बेअरिंगं सैल झाली, की गाडी एका ठरावीक वेगाला, खड्डा लागला की, थंडी वाजल्यासारखी हलायला लागते. कंपनीचा उपाय असा: नवी बेअरिंगं घाला आणि पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजे शिम, कमी-जास्त करून ती आवळा. नवा माल मिळत नसे, तेव्हा लेथवर पितळी बुश वळवून घेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी लेथ, ओतकाम, गिअर कापणं सगळं हाकेच्या अंतरावर. त्या काळी परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधनं होती. नमुना घेऊन जायचं आणि तसाच वळवून आणायचा. असा बुश मूळ बेअरिंगपेक्षा लवकर झिजतो, हे खरं. पण तो तालुक्याच्या गावी एका दिवसात होतो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर शेतकऱ्याला तेवढंच हवं असतं.

दिव्यांचंही तसंच. युद्धातल्या जीपची वीज सहा व्होल्टची. घाटात रात्री समोर कंदील धरल्यासारखा उजेड. मालकांनी बारा व्होल्टची बॅटरी टाकली. बल्ब, कॉइल, डायनॅमो बदलले. सेल्फ मात्र पुष्कळांनी सहाचाच ठेवला, कारण बारावर तो दुप्पट जोमानं फिरायचा. पुस्तकी विद्युत अभियंता याला नाक मुरडेल. पण थंडीत हँडल मारून ज्याचा दंड भरून आलाय, त्याला विचारा.

पण जीपचा खरा कायापालट झाला तो डिझेलमुळे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं. डिझेल शेतीचं आणि मालवाहतुकीचं इंधन म्हणून स्वस्त ठेवलं गेलं आणि पुढे दीर्घकाळ ही तफावत राहिली. पेट्रोल पिणारी जीप दारात उभी करणं परवडेना. मग गॅरेजवाल्यांनी मिळेल ते डिझेल इंजिन बसवायला घेतलं. आकुर्डीच्या बजाज टेम्पोचं, मर्सिडीजच्या परवान्यावर बनणारं मॅटाडोरचं इंजिन यात फार लोकप्रिय. अपघातात गेलेल्या मॅटाडोरचं इंजिन आणायचं, माउंटिंग कापून नवी वेल्ड करायची, गिअरबॉक्सशी जोडायला मध्ये जाड प्लेट बनवायची. कंपनीही हाच रस्ता चालली. सुरुवातीला आपल्याच ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन तिनं जीपमध्ये आणलं, १९८० च्या दशकात प्यूजोच्या परवान्याचं २,११२ सीसीचं. कंपनी पुढे की गॅरेज पुढे, हा वाद मी घालणार नाही. दोघांनाही गिऱ्हाईक एकच हाकत होतं.

इंजिन बदललं की काम संपतं असं नाही, खरं तर तिथून सुरू होतं. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे बसतात. मग एक-एक जादा पान घालायचं. पाटे कडक झाले की धक्के वाढतात, चॅसीला चिरा जातात. मग चॅसीला पट्ट्या मारायच्या. शिवाय ‘थ्री बी’च्या मागच्या क्राउन-पिनियनचं प्रमाण ५.३८. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडचा दांडा पाचाहून अधिक फेरे घेतो. पेट्रोल इंजिनाला ते चालतं. मंद फिरणाऱ्या डिझेलला ते सोसत नाही. ताशी पन्नासलाच ते ओरडायला लागतं. मग चार गिअरचा बॉक्स, नाही तर दुसरं क्राउन-पिनियन. वेग वाढला की ब्रेक अपुरे, म्हणून नंतरच्या मॉडेलचे मोठे ड्रम. एका बदलानं दुसरा ओढून आणला, दुसऱ्यानं तिसरा. माझ्या जीपखाली आडवं पडून पाहिलं, की ही साखळी वेल्डिंगच्या टाक्यांवरून क्रमानं वाचता येते.

याचं टोक म्हणजे वडाप. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे माणसं भरून नेणाऱ्या जीपला हा शब्द. त्यासाठी मागे लांब बाकडी, टपावर कॅरिअर, दाराशी पायरी. आणि डिझेल वाचावं म्हणून कित्येकांनी पुढच्या चाकांना जोर देणारा शाफ्टच काढून टाकला. ज्या गुणासाठी जीप निर्माण झाली, तोच भंगारात गेला! शौकिनांना हा अत्याचार वाटतो. जिथं दिवसातून दोनच एसट्या येत, तिथल्या शाळकरी मुलींना आणि बाजारकऱ्यांना तो तसा वाटला नसावा. मात्र अशा ठासून भरलेल्या, मूळ ब्रेकवरच्या गाड्यांचे अपघात होत, हेही विसरून चालणार नाही.

म्हणूनच कायद्याला मी सरसकट दोष देत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली आणि उत्पादकानं ठरवलेल्या रूपापासून गाडी बदलायला मनाई आली. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारींच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, पुढे आणखी वाढलं. सुरक्षितता आणि धूर यांचा हिशेब सरकारनं करायलाच हवा. माझं म्हणणं ‘व्हिंटेज’च्या नियमापुरतं आहे. तो नियम वारसा जपायला केला आहे, आणि वारसा म्हणून तो फक्त कारखान्यातून निघालेला दिवस जपतो. पुढची साठ वर्षं, ज्यात पेट्रोल महागलं, आयात बंद होती, एसटी पोचत नव्हती, त्यांना तो ‘फेरफार’ म्हणून बाद करतो. आपल्याकडच्या जीपची कहाणी सांगायची तर निदान पाच-दहा बदललेल्या जीप, त्यांच्या बदलांच्या नोंदीसकट, संग्रहालयात हव्यात.

नोंदी आहेत, ही त्यातली चांगली गोष्ट. पूर्वी इंजिन बदललं की ते आर.टी.ओ.त दाखवून जुन्या कापडी बांधणीच्या आर.सी. बुकात चढवून घेत. स्मार्ट कार्ड आली तेव्हा त्यावर फक्त सध्याचा इंजिन नंबर उरला, आणि कित्येकांनी ती जुनी पुस्तकं रद्दीत टाकली. श्रोत्यांपैकी कुणाच्या घरी, ट्रंकेत, वडिलांच्या कागदांत असं पुस्तक असेल, तर ते टाकू नका. मेस्त्रीची बिलं सापडली तर तीही त्यातच ठेवा. माझ्या जीपच्या पुस्तकात तीन इंजिन नंबर आहेत. पहिले दोन लाल शाईनं खोडलेत. पण भिंग लावलं, तर दोन्ही वाचता येतात.