सखाराम बाइंडर

विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांचे तीन अंकी मराठी नाटक. १९७२ साली मुंबईत ते रंगभूमीवर आले. दिग्दर्शक कमलाकर सारंग; सखाराम निळू फुले, चंपा लालन सारंग.

सखाराम छापखान्यात पुस्तकबांधणी करतो. लग्न त्याला मान्य नाही. बायकोला बडवणारे नवरे त्याच्या लेखी नेभळट. बाहेर शेपूट घालायची आणि घरात हात उचलायचा, असा त्याचा त्यांच्यावर राग. अशांनी टाकलेल्या बायकांना तो घरी आणतो. अन्न, वस्त्र, निवारा त्याचा. घरकाम आणि शरीर तिचे. पटले नाही की तिकीट काढून रवानगी. पण हात त्याचाही उठतो. सातवी बाई लक्ष्मी देवभोळी, मुंगळ्याशी गप्पा मारत हसणारी. एका रात्री, ती दुखण्याने कळवळत असताना, तसेच हसून दाखव म्हणून तो तिला फर्मावतो. नाटकातला भेसूर विनोद असा मारहाणीला खेटून येतो आणि प्रेक्षकाचे हसू घशात अडकवतो.

लक्ष्मीनंतर येते चंपा, बडतर्फ फौजदार शिंदेची बायको. दारुडा शिंदे तिच्यामागे लाळ घोटत येतो आणि तिच्या हातचा मार खातो. त्याला चोरून खाऊ घालते ती परत आलेली लक्ष्मी. तिच्या गळ्यात आता सखारामच्या नावाचे मंगळसूत्र आहे. दोघी घरात असताना सखारामचे पौरुष खचते. चंपा त्याचा मित्र दाऊद याच्याकडे जाते, असे लक्ष्मी सांगते आणि सखाराम चंपाचा गळा दाबतो. मग तो गलितगात्र होतो. प्रेत पुरायची तयारी लक्ष्मीच करते. ज्या नवऱ्यांना सखाराम भेकड म्हणत आला, त्यांच्याहून तो अधिक भेदरलेला निघतो. तेंडुलकर त्याला खलनायक ठरवून सुटका करून घेत नाहीत, हे या नाटकाचे मोठे बळ.

अश्लीलतेच्या आरोपावरून परिनिरीक्षण मंडळाने नाटकाला हरकत घेतली. सारंगांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. हा लढा त्यांच्या ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात आहे. गदारोळ शिव्यांवरून आणि शरीराच्या उघड उल्लेखांवरून झाला. लग्नसंस्थेवरचा घाव त्याहून खोल होता.

‘अर्धसत्य’ (१९८३) या गोविंद निहलानींच्या हिंदी चित्रपटाच्या पटकथेत तेंडुलकर बायकोला बडवणाऱ्या नवऱ्याच्या विषयाकडे पुन्हा वळले. तिथला पोलिस अधिकारी अनंत वेलणकर, आईला मारणाऱ्या बापाला लहानपणी आपण अडवू शकलो नाही, हे शल्य घेऊन वावरतो.