सदू शिंदे : इंग्लंडचे ६ गडी टिपणारा मराठी लेगस्पिनर विस्मरणात का गेला?

शरद पवार बीसीसीआयचे आणि पुढे आयसीसीचे अध्यक्ष झाले, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांचे सासरे भारताकडून कसोटी खेळले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यांचं नाव सदाशिव गणपतराव शिंदे, म्हणजेच सदू शिंदे.

सुरुवात कशी झाली?

१८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईत जन्मलेले शिंदे लेगस्पिन आणि गुगली टाकायचे. रणजी करंडकात ते महाराष्ट्र, मुंबई आणि बडोद्याकडून खेळले. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सवर त्यांनी कसोटी पदार्पण केलं.

दिल्लीत काय घडलं?

नोव्हेंबर १९५१. तोपर्यंत भारताने एकही कसोटी जिंकली नव्हती. फिरोजशाह कोटलावर शिंदेंनी ९१ धावांत ६ गडी घेतले आणि इंग्लंडचा डाव २०३ वर आटोपला. विजय मर्चंट (१५४) आणि विजय हजारे (नाबाद १६४) यांच्या शतकांमुळे भारताने ६ बाद ४१८ वर डाव घोषित केला. पहिला विजय समोर दिसत होता. पण दुसऱ्या डावात ॲलन वॉटकिन्स तब्बल नऊ तास खेळपट्टीवर उभे राहिले. नाबाद १३७ धावा करून त्यांनी सामना वाचवला.

भारताचा पहिला विजय त्याच मालिकेत, फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला आला. त्या अकरा जणांत मात्र शिंदे नव्हते.

मग संधी का मिळाली नाही?

दिल्लीची जादू पुन्हा जमली नाही. त्यातच सुभाष गुप्ते हा तरुण लेगस्पिनर पुढे आला. जून १९५२ मधली लॉर्ड्स कसोटी शिंदेंची शेवटची ठरली. जिथे सुरुवात, तिथेच शेवट.

आकडे सांगतात : ७ कसोटी, १२ बळी, सरासरी ५९.७५. त्यातले निम्मे बळी दिल्लीच्या एकाच डावातले. प्रथम श्रेणीत मात्र त्यांनी २०० हून अधिक गडी बाद केले.

अकाली अखेर

जून १९५५ मध्ये विषमज्वराने त्यांचं निधन झालं. वय अवघं ३१. मागे पत्नी आणि लहान मुली होत्या. त्यांपैकी प्रतिभा यांचा विवाह १९६७ मध्ये शरद पवारांशी झाला.

आज शिंदेंचं नाव निघतं ते बहुतेकदा या नात्यामुळे. पण कोटलावरचे ते ६ बळी त्यांनी स्वतःच्या मनगटावर मिळवले होते.