गाय, जीप आणि चौकोनी मासा: एका चुकीची दुरुस्ती

आजचा भाग दुरुस्तीचा आहे. चूक माझीच आहे, म्हणून आधी ती सांगतो.

काही महिन्यांपूर्वी मी एका भागात मोठ्या थाटात सांगितलं होतं की मर्सिडीज-बेंझनं एका चौकोनी माशावरून गाडी बनवली आणि ती हवा भन्नाट कापते. निसर्ग हाच खरा इंजिनिअर, वगैरे वगैरे. वाक्य टाळीचं होतं, मला लई आवडलं होतं.

मग दिवाळीत हिमायतनगरला गेलो (जुनी माणसं अजूनही वाढोणाच म्हणतात). माझे मामा पिकअप चालवतात. हळद, सोयाबीन, कापूस, जे भाडं मिळेल ते भोकरमार्गे नांदेडला नेतात आणि गाडीत आपला पॉडकास्ट लावतात. मला बघितलं की म्हणाले, "बाबू, ते माशाचं सांगितलं होतं ना तू? तसं नाक कॅबिनवर बसवून देणारा एक जण भेटलाय. फायबरचं. दहा हजार म्हणतोय. डिझेल वाचंल म्हणतो. बसवू का?"

आता दहा हजार मामांचे, आणि शब्द माझा. मी बीटेक मेकॅनिकल, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये (तुमच्यातल्या निम्म्यांची हीच कथा असणार), आणि फ्लुइड मेकॅनिक्समध्ये काठावर पास. गुपचूप वाचायला बसलो.

सुरुवात त्या मीमपासून करू, जो तुम्हालाही आला असेल. गायीभोवती निळ्या-लाल रेषांची हवा वाहतेय आणि खाली लिहिलंय की जीपपेक्षा गाय बरी. हसायला ठीक आहे. पण तिथं जो आकडा असतो, ड्रॅग कोइफिशंट, आपण सी-डी म्हणू, तो फक्त आकाराचा आकडा आहे. प्रत्यक्ष हवा किती मागं ढकलते ते ठरायला समोरून दिसणारं क्षेत्रफळही लागतं, आणि वेग लागतो. वेगाचा तर वर्ग होतो. बैलगाडी ताशी ४ किलोमीटरनं जाते, एसटी ८० नं. वेग वीसपट, म्हणजे आकार आणि क्षेत्रफळ सारखं धरलं तरी हवेचा जोर चारशेपट. बैलाला हवा कापायची कधी गरजच पडली नाही. त्याचं अंग चरायला, ओढायला, उन्हात तग धरायला घडलंय.

पण प्राण्याकडे बघून आकार शोधायची हौस फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये सर जॉर्ज केली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्राउट माशाचा घेर ठिकठिकाणी मोजला आणि त्यावरून कमीत कमी विरोधाचा आकार काढला. पुढं १९२१ साली एडमंड रुम्पलर यांनी बर्लिनच्या प्रदर्शनात थेंबाच्या आकाराची मोटार मांडली. १९७९ मध्ये ती विंड टनेलमध्ये तपासली तर सी-डी निघाला ०.२८. आजच्या कितीतरी गाड्यांना तो जमत नाही. पण मोटार विकली गेली नाही, लोकांना ती विचित्र वाटली.

मला खरी गंमत वाटली ती डब्यांच्या गोष्टीत. १९४९ मध्ये फोक्सवॅगन आपली व्हॅन बनवत होती. निव्वळ खोका. पहिल्या नमुन्याचा सी-डी ०.७५ आला. मग ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठातल्या विंड टनेलमध्ये मॉडेल ठेवून पुढचा चेहरा गोलसर केला, तर आकडा ०.४४ वर आला. त्यांचीच गोलमटोल बीटल ०.४८ वर होती! खोका तसाच राहिला, फक्त पुढच्या कडा मऊ झाल्या. कारण हवा धारदार कोपऱ्यावरून वळू शकत नाही, सुटून भोवरे करते. कोपरा गोल केला की ती अंगाला चिकटून मागं जाते. तेव्हा डबा म्हणजे वाईट असं नाही, वाईट असतो तो कोपरा.

आपल्याकडचे डबेही जर्मनीहूनच आले. पुण्याच्या आकुर्डीतली बजाज टेम्पो, नवलमल फिरोदियांची. १९५८ पासून त्यांनी हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्यानं तीनचाकी गाड्या बनवल्या, आणि त्या कंपनीच्या नावावरूनच आपण आजही कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो. नंतर मॅटाडोर आली. मामांनी ड्रायव्हिंग मॅटाडोरवरच शिकलं. लग्नाचं वऱ्हाड, कापसाच्या गाठी, सगळं तिच्यातच. २००५ मध्ये त्या कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं.

त्याच २००५ मध्ये आली मर्सिडीजची ती बायोनिक कार. प्रवाळात राहणाऱ्या बॉक्सफिशवरून घेतलेली, सी-डी ०.१९. आकडा खरा आहे, गाडी प्रदर्शनापुरतीच होती. माझी चूक इथंच झाली: गाडीचा आकडा मी माशाच्या नावावर जमा केला. २०१५ मध्ये अँटवर्प विद्यापीठाचे सॅम व्हॅन वॅसनबर्ग आणि सहकाऱ्यांनी बॉक्सफिशचं अंग पुन्हा तपासलं. त्याला पाण्याचा विरोध आधी सांगितलं होतं त्यापेक्षा बराच जास्त निघाला. शिवाय असं म्हणत होते की त्याच्या अंगामुळं तो आपोआप सरळ राहतो, तर तेही उलटं. त्याचं शरीर त्याला भरकटवतं, आणि ते त्याच्या कामाचं आहे, कारण प्रवाळाच्या बोळांत त्याला झटकन वळायचं असतं. म्हणजे हा मासा आपल्याकडच्या रिक्षासारखा, एक्स्प्रेस-वेचा नाहीच.

मग मामांसाठी वहीवर ढोबळ हिशोब मांडला. भरलेल्या पिकअपचं समोरचं क्षेत्रफळ ४ चौरस मीटर धरलं, सी-डी ०.७ धरला. ताशी ४० ला हवा साधारण २१ किलो वजनाइतकी मागं ढकलते. ८० ला तीच ८४ किलो. कॅबिनपेक्षा माल उंच असेल तर तिथं उभी भिंत तयार होते, आणि ते नाक तिथं खरंच उपयोगी पडतं, मोठ्या ट्रकांवर म्हणूनच बसवतात. पण ते ट्रक तासन्‌तास ८० नं पळतात. मामा भोकर रस्त्यानं ४० नं चालवतात, येताना बहुतेक वेळा रिकामे, तेव्हा मागं भिंतच नसते.

मामांनी वही दोनदा बघितली. "म्हणजे मी ८० नं जायला लागलो तरच ते नाक कामाचं."

"हो. आणि ८० नं गेलात तर वाचलेलं डिझेल त्या वेगातच जातं."

"मग राहू दे. आणि फडफडणाऱ्या ताडपत्रीचं काय?"

ताडपत्री फडफडली की हवेचा विरोध वाढतोच, ते मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन जास्तीच्या दोऱ्या घेऊन माल आवळत होते. मी तोवर त्या जुन्या भागाखाली दुरुस्तीची ओळ टाकली. तिथं जाऊन बघा, माशाचं वाक्य खोडलेलं आहे.