दर, माप आणि मुदत

पावसाआधी कौले शाकारायची आणि चवथीआधी भिंतींना रंग काढायचा, हे आपल्या गोव्यातल्या घरांचे ठरलेले वेळापत्रक. या दिवसांत कचेरीत एक कागद हमखास फिरतो, कंत्राटदाराचे कोटेशन. दाखवणारा शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून विचारतो, "जास्त सांगितले ना?" मी कारकून, निविदांचे कागद नजरेखालून जातात, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. पण नुसत्या शेवटच्या आकड्यावरून त्याचे उत्तर देता येत नाही. ही गोष्ट माणसाला फार पूर्वीच कळली होती.

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याची संहिता इ. स. पू. १७५० च्या सुमाराची. तिचा शिलास्तंभ १९०१ साली इराणातल्या सुसा येथे सापडला आणि आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. घर बांधणाऱ्याला दर 'सर'मागे दोन शेकेल चांदी द्यावी, असे त्यात म्हटले आहे. सर म्हणजे साधारण ३६ चौरस मीटर. म्हणजे क्षेत्रफळावर दर लावण्याची पद्धत पावणेचार हजार वर्षांची झाली! दराला लागूनच जबाबदारीही लिहिली आहे. भिंत कलली तर बांधणाऱ्याने ती स्वखर्चाने नीट करून द्यायची, आणि घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड.

आपल्याकडे कौटिल्याने अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाच्या आरंभीच कारागिरांचा विषय घेतला आहे. तिथे भर आहे तो मुदतीवर आणि ठरल्याप्रमाणे काम होण्यावर. वेळ चुकवली तर मजुरीचा चौथा हिस्सा कापायचा आणि त्याच्या दुप्पट दंड. सांगितले एक आणि केले भलतेच, तर मजुरीच बुडाली, वर दंड वेगळा.

तिसरी गोष्ट रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. एफेसस या ग्रीक नगरात सार्वजनिक काम घेणाऱ्या वास्तुकाराला खर्चाचा अंदाज द्यावा लागे आणि काम संपेपर्यंत त्याची मालमत्ता तारण राही. खर्च अंदाजापेक्षा चौथ्या हिश्श्यापर्यंत वाढला तर तो नगराने सोसायचा. त्यापुढचा मात्र त्याच्या मालमत्तेतून वसूल व्हायचा. असा कायदा रोममध्येही हवा होता, असे विट्रुव्हियस म्हणतो. मला यातला समतोल आवडतो. खर्च थोडा वाढणारच हे मान्य, पण त्याला हद्द आहे.

हिंदुस्थानात १८५४ साली डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले. अशा खात्यांच्या कामातून दरपत्रके आणि मापन पुस्तिका रुळल्या. मापन पुस्तिकेची पाने क्रमांकित असतात, नोंद शाईने होते, खाडाखोड चालत नाही. केंद्रीय बांधकाम खात्याच्या दर-पृथक्करणात साहित्य आणि मजुरी वेगवेगळी मांडून त्यावर कंत्राटदाराचा नफा व वरखर्च म्हणून १५ टक्के धरतात. नफा ही चोरी नव्हे, हे सरकारनेच कागदावर मान्य केले आहे. आपल्या साबांखाचेही स्वतःचे दरपत्रक आहे. घरातले छोटे काम त्या दरात होईलच असे नाही, पण तुलनेला आधार मिळतो.

तुलना करताना गोव्यात एक गोंधळ ठरलेला. पोर्तुगालने १८५२ साली मेट्रिक पद्धत स्वीकारली, भारताचा मापांचा कायदा आला १९५६ साली. आज आपले जमिनीचे कागद चौरस मीटरमध्ये, सरकारी दर चौरस मीटरला, आणि कंत्राटदार बोलतो फुटात. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. समजा एकाने गिलाव्याला फुटामागे ४० रुपये सांगितले आणि दुसऱ्याने मीटरमागे ४००. ऐकायला पहिला स्वस्त, पण त्याचा दर मीटरमागे ४३० रुपये पडतो.

माप कसे घ्यायचे याचेही नियम आहेत. 'आयएस १२००' या भारतीय मानकाप्रमाणे भिंतीला दोन्ही बाजूंनी गिलावा असेल, तर अर्धा ते तीन चौरस मीटरच्या दार-खिडकीची वजावट एकाच बाजूची होते, आणि कडांचा गिलावा वेगळा मोजत नाहीत. त्यामुळे दोन्ही बाजूंची वजावट मागणारा मालक चुकतो, आणि काहीच न वजा करता वर कडाही मोजणारा कंत्राटदारही चुकतो.

छपराचे तसेच. बासल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि साच्यातली एकसारखी कौले मिळू लागली. तेव्हापासून कौलांचा हिशेब कोणालाही पडताळता येतो, चौरस मीटरला साधारण १५. मात्र छप्पर उतरते असते. जमिनीवर १०० चौरस मीटर भरणारे छप्पर ३० अंशांच्या उतारावर सुमारे ११५ होते, पागोळीचा भाग वेगळाच. "घर शंभराचे, ह्याने एकशे पंधरा लावले" म्हणून प्रामाणिक माणसाला लबाड ठरवण्याआधी एवढे गणित करावे.

जुन्या घरात आणखी एक पेच असतो. चिऱ्यामातीच्या, चुन्याच्या गिलाव्याच्या भिंतीवर सिमेंट चढवले की ओल आत कोंडते. अशा कोटेशनचा दर योग्य असला तरी कामच चुकीचे असते. शिवाय कौले उतरवल्याशिवाय किती वासे कुजलेत ते कोणालाच दिसत नाही. तिथे एफेससची युक्ती घ्यावी. वाशाचा दर आधी लिहून घ्यावा, वाढीव खर्चाची हद्द ठरवावी, आणि हद्द ओलांडण्याआधी विचारायचे, असे कागदावर आणावे.

म्हणून कोटेशन हातात आले की शेवटचा आकडा झाकून वर वाचावे. प्रत्येक बाबीचे माप आहे का, दर कोणत्या एककाला आहे, साहित्य कोणाचे, मुदत किती, दोष निघाला तर कोण निस्तरणार. जीएसटी लावला असेल तर नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहावे. हे सगळे असेल तर दोन कोटेशने शेजारी ठेवता येतात. नसेल, तर आकडा लहान असूनही महाग पडू शकतो. फारच कमी सांगणाऱ्याने तो फरक सिमेंटमधून काढायचा, नाही तर मजुराच्या रोजातून. आणि गावातल्या मेस्त्रीशी घासाघीस करताना हेही ध्यानात असू द्यावे, की भर पावसात कौल सरकले तर हाक त्यालाच मारायची असते.