'दालर' शब्दाचें मूळ व त्याचा व्यवहार

जुन्या कागदांत नाण्याचें नांव आढळलें कीं त्यावरून रकमेचा अदमास बांधण्याची आपणां संग्राहकांस संवय आहे. ती किती फसवी ठरते हें दाखविण्यासाठीं डच भाषेंतील 'दाल्डर' व स्वीडिश भाषेंतील 'दालर' ह्या सहोदर शब्दांचा वृत्तान्त आम्ही येथें देत आहों.

बोहेमियांतील योआखिमस्ताल, म्हणजे 'योआखिमची दरी', हें रुप्याच्या खाणींचें गांव १५१६ सालीं वसलें. तेथील श्लिक घराण्यानें १५२० च्या सुमारास मोठें रुप्याचें नाणें पाडलें. त्यास लोक 'योआखिमस्तालर' व पुढें नुसतें 'तालर' म्हणूं लागले. डच व स्वीडिश भाषांत दरीस 'दाल' म्हणतात खरें. परंतु नाण्याचें नांव त्यांनीं स्वतः घडविलें नाहीं. तें नाण्याबरोबर जर्मन मुलखांतून आलें. त्याचा मूळ अर्थ 'दरींतला' एवढाच. त्यांत वजनही नाहीं व कसही नाहीं.

स्वीडनमध्यें गुस्ताव वासा राजानें १५३४ सालीं पहिला दालर पाडला. हॉलंड प्रांतानें १५७५ सालीं सिंहाच्या छापाचा दाल्डर काढला. तो व्यापाऱ्यांबरोबर तुर्कांच्या मुलखांत पसरला; रुमानियाच्या नाण्याचें 'लेऊ' हें नांव त्याच सिंहाचें. पुढें डच हिशेबांत नुसता दाल्डर म्हणजे दीड गुल्डन व 'रैक्सदाल्डर' म्हणजे अडीच गुल्डन, असा भेद रूढ झाला.

स्वीडनमधील प्रकार याहूनही चमत्कारिक. तेथें तांबें विपुल. म्हणून १६४४ सालीं दहा दालरांचा तांब्याचा पत्राच पाडला. त्याचें वजन सुमारें १९.७ किलो! आणि त्यावर अक्षरें मात्र 'दहा दालर, रुप्याचें नाणें' अशीं. 'रुप्याचा दालर' हें तेथें हिशेबाचें नांव होतें, धातूचें नव्हे. तांब्याच्या हिशेबाचा दालर निराळा. १६६५ पासून असे तीन दालर मिळून रुप्याच्या हिशेबाचा एक होई. १७७६ च्या सुधारणेंत रुप्याच्या हिशेबाचे सहा, म्हणजेच तांब्याच्या हिशेबाचे अठरा दालर मिळून एक 'रिक्सदालर' ठरला. १८७३ सालीं त्याची जागा क्रोननें घेतली. डच लोकांच्या तोंडीं मात्र अडीच गुल्डनांच्या नाण्याचें 'रैक्सदाल्डर' हें नांव २००२ सालीं गुल्डन बंद होईपर्यंत टिकलें.

तात्पर्य, शब्द एक म्हणून मोल एक, असें मानतां येत नाहीं. किंबहुना नाण्यावरील अक्षरेंही एकटीं प्रमाण नव्हेत. मराठी कागदांत 'होन' आला म्हणजे तो पातशाही कीं शिवराई, हें आपण विचारतोंच. वेंगुर्ल्याच्या वखारीमुळें ज्यांचा डच दप्तराशीं संबंध येतो, त्यांनीं दाल्डर दिसतांच हाच प्रश्न करावा. देश, साल व हिशेबाची रीत निश्चित झाल्यावांचून रुपयांत आंकडा मांडूं नये, असें आमचें मत आहे.