दंशकोशिका : शोधाचा इतिहास

दंशकोशिका : जेलीफिश, समुद्रपुष्पे, प्रवाळ, हायड्रा इ. प्राण्यांच्या संस्पर्शकांवर विपुल असणाऱ्या विशिष्ट कोशिका. प्रत्येकीत सूक्ष्म कुपी व तीत गुंडाळलेला पोकळ धागा असतो. स्पर्श होताच तो उलटून बाहेर फेकला जातो आणि बहुधा त्यावाटे भक्ष्यात विष शिरते.

ॲरिस्टॉटल याने या प्राण्यांना अंगाची आग करणाऱ्या एका वनस्पतीचे नाव दिले. ‘निडारिया’ हे संघनाम त्याच ग्रीक शब्दावरून आले. महाड-पोलादपूर या भागांत समुद्र नाही. पण खाजकुयली तेथे सर्वांच्या ओळखीची असल्याने ही उपमा सहज पटावी. ती अपुरी मात्र आहे. खाजकुयलीची कुसे निर्जीव असतात, तर दंशकोशिका स्वतः वार करते.

आब्राहाम ट्रेम्ब्ली (१७१०–८४) यांनी १७४४ मध्ये हायड्राचे सविस्तर वर्णन केले, तरी दंशाचे साधन त्यांना उमगले नाही. टी. एच. हक्स्ली यांनी १८४९ मध्ये या कोशिका जेलीफिश व तत्सम प्राण्यांचे समान लक्षण असल्याचे दाखविले.

यापुढील शोध अनपेक्षित होता. १९०१ मध्ये मोनाकोच्या राजाच्या जहाजावर शार्ल रीशे (१८५०–१९३५) व पॉल पोर्त्ये (१८६६–१९६२) यांनी फायझॅलियाच्या विषाचा अभ्यास आरंभिला. फ्रान्समध्ये परतल्यावर फायझॅलिया मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रपुष्पाचे विष घेतले. वारंवार अल्प मात्रा दिल्यास कुत्र्यांत प्रतिकारशक्ती येईल, अशी त्यांची अपेक्षा होती. घडले उलटेच : पहिली मात्रा सहज पचविलेला धडधाकट कुत्रा सुमारे तीन आठवड्यांनी तेवढ्याच मात्रेने अर्ध्या तासाच्या आत मेला. या अतिसंवेदनशीलतेस त्यांनी १९०२ मध्ये ‘ॲनाफायलॅक्सिस’ हे नाव दिले. १९१३ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या रीशे यांना मिळाले.

धाग्याचा वेग अचूक मोजण्यास २००६ साल उजाडले. हायड्रात धाग्याचे टोक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी काळात सुटते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्ये वर्णिलेला हायड्राचा वाण ‘इंड-पुणे’ या नावाने ओळखला जातो.

फायझॅलिया हा खरा जेलीफिश नसून अनेक जीवांची वसाहत होय. ‘ब्ल्यू बॉटल’ या नावाने परिचित असलेला हा प्राणी पावसाळ्यात कोकण किनाऱ्यास लागतो. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर शंभराहून अधिक लोकांना त्याचा दंश झाल्याचे वृत्त होते. वाळूवर मृत पडलेल्या फायझॅलियाच्या दंशकोशिकाही स्पर्शाने सुटतात.