२५ फेब्रुवारी १९२७ : साताऱ्यात शाहू बोर्डिंगचे नामकरण

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहाला महात्मा गांधींच्या हस्ते या दिवशी नाव मिळाले : श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस.

सर्व जातिधर्मांची मुले तिथे एकाच पंगतीला बसत. त्या काळात केवढे हे धाडस! अंगमेहनतीची कामेही मुलेच करत. पोरांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडले. कर्मवीरांइतकाच या घराचा भार त्या माउलीने पेलला.

'कमवा आणि शिका' ही कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेची ओळख झाली. दुष्काळाशी झुंजणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतचे दादा पाटील महाविद्यालय रयतच चालवते. तिथे पावसाने दगा दिला की शेतकऱ्याच्या घरी पहिला प्रश्न आजही मुलांच्या फीचाच असतो.